पडघान सिस्टरांचा रुमाल

आमच्या कक्षात सकाळी नऊला पहिला चहा व्हायचा तो काचेच्या पेटीतल्या बाळांचा. आमचा त्यानंतर. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, पडघान सिस्टरांनी घालून दिलेला होता, आणि कागदावरच्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जायचा. कॅन्टीनचा माणूस साडेआठलाच किटली घेऊन दाराशी यायचा. सिस्टर त्याला बोटाने थांबवायच्या आणि म्हणायच्या, "आधी त्यायचा च्या होऊ दे, मंग आपला." तो बिचारा किटलीला फडकं गुंडाळून जिन्यात बसून राहायचा. त्यामुळे त्या दवाखान्यात मी कधी गरम चहा प्यायले नाही.

बाळांचा चहा म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या कुपीतलं, पाण्यासारखं दिसणारं औषध. कॅफीन सायट्रेट. चहाच्या पानात आणि कॉफीच्या बीमध्ये जे असतं तेच, पण शुद्ध केलेलं आणि थेंबाथेंबाने मोजून द्यायचं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ श्वास घेता घेता मध्येच थांबतं. त्याला दम लागलेला नसतो, छातीत काही अडकलेलं नसतं. मेंदूतली श्वासाची जागाच अजून कच्ची असते. वीस सेकंद जातात, कधी जास्त. ओठ निळसर होतात, ठोके मंदावतात आणि यंत्र ओरडायला लागतं. कॅफीन त्या कच्च्या जागेला जागं ठेवतं. सिस्टरांच्या भाषेत सांगायचं तर बाळ श्वास घ्यायचं इसरतं, आणि आपलं काम त्याला आठवण करून देण्याचं.

मी वैशाली, किन्हीराजाची. वाशीमच्या बाहेर, मंगरूळपीरच्या रस्त्याला एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथल्या नवजात बाळांच्या कक्षात मी तीन वर्षं सिस्टरांच्या हाताखाली होते. आज त्यांच्या खुर्चीवर मी बसते. ती खुर्ची रिकामी कशी झाली, हे दवाखान्यात फक्त मला माहीत आहे. ते लिहायला मी इतकी वर्षं लावली याची मला लाज वाटते. पण आधी सिस्टरांबद्दल सांगते, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्या एका गोष्टीपलीकडे फारसं काही नाही.

कुसुम पडघान. मूळच्या कामरगावच्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, चालताना डावा पाय जरासा ओढायच्या. आम्ही सगळ्या पंजाबी ड्रेसवर आलो तरी त्या पांढरी साडी सोडायला तयार नव्हत्या. त्यांचे वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे, घरातला पहिला पगार सिस्टरांचा. त्यांच्या लॉकरच्या दाराला आतून बुद्धाचं एक लहानसं चित्र चिकटवलेलं होतं आणि त्याखाली वडिलांचा पासपोर्ट साइजचा फोटो. रोज सकाळी चौकीदाराला जयभीम, त्या चित्राकडे एक नजर, कोपरापर्यंत साबणाने धुतलेले हात, आणि मग बाई आत शिरायच्या त्या दुपारपर्यंत बाहेर दिसायच्या नाहीत.

काचेतल्या बाळांना नावं नसतात. आमच्या फायलीवर आईचं नाव आणि पुढे 'चे बाळ' असं लिहिलेलं. सिस्टरांना ते आवडायचं नाही. त्या बाळांना गावाच्या नावाने हाक मारायच्या. शेलूने दूध घेतलं का, कामरगावचं वजन किती भरलं, असं त्या विचारायच्या. एकाच गावची दोन बाळं आली की थोरलं शेलू आणि धाकटं शेलू. एकदा जुळं आलं तर त्यांनी आईचं सासर एकाला आणि माहेर दुसऱ्याला वाटून टाकलं आणि दोन्ही घरच्या आज्यांना खूश केलं. नवीन डॉक्टर यायचे ते पहिल्या आठवड्यात गोंधळायचे, पण दुसऱ्या आठवड्यात तेही विचारायला लागायचे की किन्हीराजाचा एक्स-रे आला का.

यंत्राकडे त्या सगळ्यात शेवटी बघायच्या. "मशीन मंग बोलते, लेकरू आधी बोलते," असं म्हणून त्या बाळाच्या नाकपुडीकडे, फासळ्यांकडे, पायाच्या रंगाकडे बघत उभ्या राहायच्या. बाळ इसरलं की तळपायावर मधल्या बोटाची एक टिचकी. तेवढीच. बाळ दचकायचं, तोंड वाकडं करायचं आणि श्वास घ्यायचं. त्या एका बोटाचं नख सिस्टर रोज घासतात, असं आम्ही गमतीने म्हणायचो. ते खरंच होतं, मी एकदा बघितलं.

नवाच्या चहाआधी प्रत्येक बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून त्या ठोके मोजायच्या. ठोके फार पळत असतील तर त्या दिवशी त्याचा डोस चुकवायचा, डॉक्टरांना फोन करायचा. "आज शेलूचा च्या बंद, पोट्टं पयत सुटलं," असं जाहीर व्हायचं. घड्याळाकडे बघायची त्यांना गरज नसायची. मांडीवर बोटं आपटत त्या मोजायच्या आणि आम्ही घड्याळ लावून मोजलेला आकडा त्यांच्या आकड्याशी जुळायचा. नाही जुळला तर आम्ही पुन्हा मोजायचो.

हे औषध यायच्या आधीचे दिवसही त्यांनी पाहिले होते. त्या नव्याने लागल्या तेव्हा काहीच नव्हतं. एकेका बाळाजवळ एकेक बाई तळपायाला बोट लावून पूर्ण पाळी बसून असायची. मग चहाच्याच घराण्यातलं, दम्याच्या रोग्याला द्यायचं एक इंजेक्शन आलं. त्याने बाळ श्वास घ्यायचं, पण पुरेसं आणि जास्त यांत अंतर फार थोडं, जरा इकडे तिकडे झालं की काळीज धडधडायला लागायचं. कॅफीन त्या मानाने समजूतदार. दिवसातून एकदा दिलं की भागतं आणि सांभाळायला सोपं. सिस्टर भरलेली सिरिंज उजेडाकडे धरून हवेचा बुडबुडा शोधायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घरी सुनेने चांगला स्वयंपाक केल्यावर दिसावं तसं समाधान असायचं.

स्वतःला त्यांना अर्धशिशी होती. डोकं दुखायला लागलं की पर्समधली गोळी काढायच्या आणि आम्हाला पाकिटाची मागची बाजू वाचायला लावायच्या. त्यातही कॅफीन. डोकेदुखीच्या औषधात ते थोडंसं घालतात, त्याने दुसरं औषध लवकर आणि जास्त लागू पडतं. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं आणि चहा राहिला तर डोकं का दुखतं, हेही त्यांनीच मला सांगितलं. रोज मिळणाऱ्या वस्तूची मेंदूला सवय लागते आणि एक दिवस ती नाही मिळाली की तो रुसतो. नवऱ्यापेक्षा चहा बरा, तो रुसला तर निदान कारण कळतं, असं त्या वर म्हणायच्या. नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आता रुमालाची गोष्ट. ती सिस्टरांची खास होती, आणि ती त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा सांगितली ती शेलूबाजारच्या एका गुरुजींना.

गुरुजींची मुलगी काचेत होती. शाळेत ते व्यसनमुक्तीवर भाषणं द्यायचे. कुणीतरी त्यांना मोबाइलवर औषधाचं नाव शोधून दिलं आणि त्यांनी 'उत्तेजक' हा शब्द वाचला. ते थेट दारावर आले आणि माझ्या मुलीला नशा देता काय, असं त्यांनी आवाज चढवून विचारलं. आम्ही दोघीतिघी घाबरलो. सिस्टरांनी हात पुसले, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि ते कामाला कशाने जातात ते विचारलं. गुरुजी म्हणाले, एस्टीने.

"मंग तुमाले सांगनं सोपं हाय," सिस्टर म्हणाल्या. "मेंदू काम करते तसा त्यात थकव्याचा एक पदार्थ साचत जाते. त्याच्या बसाच्या जागा ठरेल हायत. थो येऊन जागेवर बसला का मेंदू सुस्त होते, झोप येते, श्वासही मंद होते. आता हे औषध काय करते? गाडी लागली का खिडकीतून जागेवर रुमाल टाकते. रुमाल काई प्रवासी नाई. बोलत नाई, तिकीट काढत नाई. नुसती जागा धरते. थकवा येते, पायते, जागा भरली म्हनून उभाच राह्यते. अन् लेकरू श्वास घ्याचं इसरत नाई."

गुरुजी हसले आणि उठायला लागले. सिस्टरांनी त्यांना हाताने पुन्हा खाली बसवलं.

"अर्धीच झाली गोष्ट. तुमच्या-माह्या आंगातून हा रुमाल चार-पाच घंट्यात उचलल्या जाते. लिवर उचलते. ह्या लेकराचं लिवर अजून निजेल हाय. एकडाव टाकला का चार-चार दिवस हालत नाई. त्यावर दुसरा टाकला, तिसरा टाकला, त सगळी गाडी रुमालानंच भरन. म्हनून थेंब मोजून, दिवसातून एकदा, अन् तेही आमीच देणार. घरी नेल्यावर च्या नाई, कॉफी नाई, काढा नाई. मायचं दूध. आता तुमी म्हना."

 सिस्टर तशाच बघत राहिल्यावर गुरुजींनी, चौथीच्या पोराने पाढा म्हणावा तसं, सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. दुसरा भाग जरा अडखळत आला, म्हणून तो दोनदा. हीच सिस्टरांची पद्धत होती. बाळ घरी सोडताना, औषध बंद करून आठवडा नीट गेलेला असला तरीही, घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला बोलवायचं, गोष्टीचे दोन्ही भाग सांगायचे आणि तिच्याकडून म्हणून घ्यायचे. मग वहीत लिहायचं की समुपदेशन केले, नातेवाइकांनी परत सांगितले. खाली सही. थोरल्या बाईलाच का, असं मी विचारलं होतं. बाळाच्या तोंडात काय जायचं ते आई ठरवत नाही, आजी ठरवते, असं त्यांचं उत्तर होतं.

आमच्याच गावची एक मुलगी आली. सातव्या महिन्यात झालेली, हातात मावेल एवढी. तिची आजी गिरजाआजी माझ्या माहेराच्या मागच्याच गल्लीतली, मला झबल्यापासून ओळखणारी. महिनाभर ती बाई जिन्यात बसून होती. कक्षात येऊन बाळ इसरताना तिने एकदा बघितलं होतं, आणि ते निळे ओठ तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. मी आत-बाहेर करताना ती माझा हात धरायची आणि आज किती वेळा इसरली ते विचारायची. मुलगी हळूहळू सुधारली. औषध बंद केलं, पुढचा आठवडा ती एकदाही इसरली नाही, दूध ओढायला लागली. घरी सोडायचं ठरलं.

त्या सकाळी आत नवं जुळं आलं होतं आणि सिस्टर त्यात गुंतल्या होत्या. त्यांनी मान वर न करता मला सांगितलं, "तुह्या गावची हाय, तूच सांग. दोन्ही गोष्टी सांगजो, अन् म्हनून घेजो."

बाहेर गावातली पाचसहा माणसं जीप घेऊन आली होती. माझ्या वडिलांचे ओळखीचे, माझ्याबरोबर शाळेत असलेली एक बाई. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पांढऱ्या कपड्यात, गळ्यात स्टेथोस्कोप. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी फार भारी वाटत होतं. गिरजाआजीने विचारलं की बाई, असं काय औषध होतं ते, ज्यानं आमची पोट्टी जगली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आजी, ते चहाचं सत्त्व होतं. आणि रुमालाची गोष्ट सांगितली. सिस्टरांपेक्षा रंगवून सांगितली. शेलूबाजारच्या स्टँडवरची गर्दी, रुमाल टाकणारा माणूस, उभा राहिलेला थकवा, सगळं. माणसं हसली, कुणीतरी म्हणालं पोरगी हुशार निघाली. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न वाजवला. ऊन चढायच्या आत निघायचं होतं. आजीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती गेली. मी आत येऊन वही उघडली आणि लिहिलं, समुपदेशन केले, नातेवाइकांनी परत सांगितले. खाली सही केली.

सहाव्या दिवशी सकाळी ते बाळाला घेऊन परत आले.

मुलगी झोपतच नव्हती. डोळे टक्क उघडे, हातपाय सारखे थरथरणारे. दूध दिलं की उलटी. सिस्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मांडीवरची बोटं थांबवली, कारण ठोके मोजण्याच्या पलीकडे पळत होते. डॉक्टरांना जंतुसंसर्ग वाटला. ते तपासण्या लिहीत होते. सिस्टर मात्र बाहेर गेल्या, गिरजाआजीच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं की गुटीत काय काय उगाळता. आमच्याकडे बाळगुटीवाचून बाळ वाढत नाही, हे त्यांना माहीत होतं. हळकुंड, बदाम, वेखंड, आजी सांगत गेली. मग तिने पिशवीतून एक स्टीलची डबी काढली. औषधाची वेळ चुकू नये म्हणून ती सोबत घेऊन आली होती. आत काळं, दाट काहीतरी होतं. सिस्टरांनी वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"आजी, हे कायचं?"

"सत्त्व हाय," आजी म्हणाली. "सिस्टर बाईनंच सांगतलं च्याचं सत्त्व देतो म्हनून. तुमच्यावालं त दुकानात भेटलं नाई. मंग म्याच मूठभर पत्ती टाकून आटवलं. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. पोट्टी इसरली त, असं भेव वाटे मले."

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, कोणत्या सिस्टरने सांगितलं. गिरजाआजीने वर बघितलं. मी सलाइनची बाटली हातात धरून दारात उभी होते. तिची नजर माझ्यावर आली आणि थांबली. तिला सगळं आठवत होतं, तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट होतं. मग तिने नजर खाली नेली आणि आपल्याला आता याद नाही, एवढंच म्हणाली. गावची लेक होते मी तिची.

सिस्टर डबीचं झाकण लावत म्हणाल्या, "रुमालाची गोष्ट माही हाय, डॉक्टर. माह्याच तोंडून गेली असन."

मी काही बोलले नाही. तेव्हा मी घाबरले होते असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते भीतीच्या उलटं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

असं झाल्यावर उतारा म्हणून देण्यासारखं काही नसतं. जे पोटात गेलं ते लिवर आपल्या चालीने उचलेल तेव्हा उचलेल. तोवर सलाइन चालू ठेवायचं, ठोक्यांवर लक्ष ठेवायचं, झटका येऊ नये म्हणून जपायचं आणि थांबायचं. चार दिवस. सिस्टर पाळी संपली तरी घरी जाईनात. स्टूल घेऊन त्या बाळाजवळ बसायच्या आणि थरथरणारा हात आपल्या एका बोटाभोवती गुंडाळून ठेवायच्या. गिरजाआजी जिन्यात बसून होती आणि जेवत नव्हती. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिच्यासाठी कॅन्टीनमधून कप आणला. तिने चहा बघितला आणि तोंड फिरवलं. किन्हीराजात आजही ती चहा घेत नाही.

"आजी, तुमची चूक नाई," सिस्टर तिला म्हणाल्या. "तुमी त जेवढं आइकलं तेवढं जिवापाड केलं. अर्धी गोष्ट ज्यानं सांगतली, चूक त्याची."

मी तीन पायऱ्या वर उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मुलीच्या पापण्या खाली आल्या. आधी आम्हाला वाटलं ती इसरली. सिस्टर वाकल्या, मधलं बोट तळपायापाशी नेलं आणि तसंच थांबवलं. फासळ्या वरखाली होत होत्या. "निजली वं किन्हीराजा," त्या म्हणाल्या आणि स्टुलावरून उठताना त्यांना पाय सरळ करता येईना, मी हात दिला. त्यांनी तो घेतला.

चौकशी झाली. ट्रस्टचे दोन लोक आणि मुख्य डॉक्टर. सिस्टरांनी चूक कबूल केलेली असल्याने वही कुणी मागितली नाही. आम्हा सगळ्यांकडून एकेक कागद लिहून घेतला. मी लिहिलं की मी त्या वेळी आत होते, मला काही माहीत नाही. माझी नेमणूक तेव्हा पक्की व्हायची होती. हे कारण आहे, सबब नाही, हे मला कळतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना सिस्टरांना बाळांच्या कक्षातून काढून खालच्या मलमपट्टीच्या खोलीत पाठवलं. कक्षात नातेवाइकांना गोष्टी सांगायच्या नाहीत असा हुकूम निघाला. त्याऐवजी छापील कागद आला. तो आम्ही हातात द्यायचो आणि गिरजाआजीसारख्या बाया तो घडी घालून कमरेला खोचायच्या.

मलमपट्टीच्या खोलीत सिस्टर दिवसभर कापसाचे बोळे वळायच्या आणि गॉजच्या घड्या घालायच्या. कुणाजवळ कधी कुरकुरल्या नाहीत. पण रोज सकाळी नवाला, पाय ओढत, दोन जिने चढून त्या कक्षाच्या दाराशी यायच्या. उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. दाराच्या काचेतून आत बघायच्या आणि विचारायच्या, "झाला का त्यायचा च्या?" मी म्हणायची, झाला ताई. मग त्या खाली जाऊन आपला चहा घ्यायच्या. दोन वर्षं, एकही दिवस न चुकता. शिव्या दिल्या असत्या, माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्या मात्र रोज येऊन फक्त बाळांचं विचारायच्या, आणि मी रोज तेवढंच उत्तर द्यायची.

त्या निवृत्त होऊन कामरगावला राहायला गेल्या आणि पुढे कक्षातली त्यांची जागा मला मिळाली. तिथल्या त्यांच्या जुन्या टेबलाचा खालचा खण साफ करताना गॉजच्या जुन्या गठ्ठ्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती समुपदेशनाची वही सापडली. ज्या पानावर माझी सही होती तिथे कागदाची एक पट्टी घातलेली होती. म्हणजे त्यांनी पान बघितलं होतं. बघून, कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ती वही स्वतःच आत ठेवली होती. मी त्या दिवशी कामरगावला जायचं ठरवलं. मग पुढच्या रविवारी ठरवलं, मग सणानंतर. असं ठरवत राहिले. दोन दिवाळ्या गेल्या आणि एका पावसाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. नऊ वाजायचे होते. मी हातातली सिरिंज भरून घेतली, सगळ्या बाळांचे ठोके मोजले, डोस दिले आणि मग जाऊन लॉकरच्या खोलीत रडले.

मी आता छापील कागद देते, हुकूम आहे म्हणून. पण त्याआधी थोरल्या बाईला बाकावर बसवते, दोन्ही गोष्टी सांगते आणि म्हणून घेते. नवीन मुलींना वाटतं ही पद्धत माझी. मी त्यांना सांगते की ही पडघान सिस्टरांची. त्यापुढचं सांगत नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते शेलूबाजारला, त्या जायच्या आधीच्या उन्हाळ्यात. एका लग्नाहून परतताना मी वाशीमच्या गाडीची वाट बघत उभी होते. दुपारची वेळ, लग्नसराईची गर्दी. कारंज्याकडून गाडी आली आणि लोक दाराकडे धावले. दोनचार रुमाल आणि एक टोपी खिडक्यांतून आत पडली. मधल्या एका खिडकीत मला पांढरी साडी दिसली. सिस्टर होत्या. वाळल्या होत्या, चष्म्याची काच जाड झाली होती. त्यांनीही मला पाहिलं. चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी कमरेचा रुमाल काढला, शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वैशाली, ये. जागा धरली तुह्यासाठी."

वाशीम तिथून तासाभराचा रस्ता. तासभर त्यांच्या शेजारी बसायचं होतं. त्या काही विचारणार नव्हत्या, मला माहीत होतं. बाळांचं विचारतील, किन्हीराजा आता अंगणवाडीत जाते का ते विचारतील, आणि मग गप्प बसून मला वाट करून देतील. कुठल्या तरी फाट्याच्या पुढे मला ते सांगावंच लागलं असतं. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं, हे मला आठवतं.

"नाई ताई," मी म्हणाले, "मले दुसऱ्या गाडीनं जायचं हाय."

दुसरी गाडी कुठे जाते, असं त्यांनी विचारलं नाही. नुसती मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली. एक बाई कडेवरच्या मुलासकट त्या जागेपाशी येऊन थांबलेली मला खिडकीतून दिसली. सिस्टरांनी तिला काहीतरी सांगितलं आणि ती पुढे सरकली. गाडी सुरू झाली, स्टँडला वळसा घालून रस्त्याला लागली. आत दारापर्यंत माणसं उभी होती. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या आणि त्यांचा हात अजून त्या रुमालावर होता.